हद्दीजवळ खोली वाढवायची आहे? मग कंपाउंडच्या भिंतीवरून मोजू नका

घराच्या मागच्या बाजूला एक खोली आणि न्हाणीघर वाढवायचं, एवढंच काम होतं. परवानगी हातात होती. मंजूर नकाशात बाजूचं अंतर दीड मीटर दाखवलं होतं, आणि मिस्त्रीने माझ्यासमोर कंपाउंडच्या भिंतीला टेप लावून बरोब्बर दीड मीटरवर चुन्याची रेघ मारली होती. तरी शेजारच्या काकांनी तक्रार केली, आणि ती खरी निघाली. कारण कंपाउंडची भिंतच वाकडी होती. मागच्या टोकाला ती त्यांच्या जागेत २३ सेंटिमीटर घुसलेली, पुढच्या टोकाला आमच्या जागेत १३ सेंटिमीटर आलेली. मागच्या कोपऱ्यातलं आमचं दीड मीटर प्रत्यक्षात एक मीटर सत्तावीस भरत होतं, आणि नेमका तिथलाच कॉलम जोत्यापर्यंत आला होता.

काम आठ महिने बंद राहिलं. सळया गंजल्या, ठेकेदार दुसरीकडे गेला. त्या आठ महिन्यांत जे कळलं ते इथे क्रमाने लिहितोय. हे सगळं महाराष्ट्रात स्वतःच्या भूखंडावर किंवा गावठाणातल्या घराला वाढीव बांधकाम करणाऱ्यांसाठी आहे. फ्लॅटची बाल्कनी आत घेणं हा वेगळा विषय. इंजिनिअर आणि गरज पडली तर वकील हे दोघे लागतातच. त्यांच्याकडे जाताना काय घेऊन जायचं आणि काय विचारायचं, एवढं इथून कळेल.

१. वाद नेमका कशाचा आहे ते आधी ओळखा

‘हद्दीचा वाद’ हे एकच नाव आपण चार-पाच वेगळ्या भांडणांना देतो, आणि मग चुकीच्या दारात चपला झिजवतो.

जागा कोणाची हा प्रश्न असेल तर मोजणी भूमी अभिलेख कार्यालय करतं आणि ताब्याचा निकाल दिवाणी न्यायालय देतं. मोजणीत अतिक्रमण दिसलं म्हणून मोजणीदार ते काढून देत नाही. अंतर कमी सोडलंय हा प्रश्न असेल तर महापालिका किंवा नगरपरिषदेचा बांधकाम परवानगी विभाग. गावठाणात बहुधा ग्रामपंचायतीपासून सुरुवात होते. पावसाचं पाणी, उजेड-वारा, भिंतीला गेलेल्या भेगा हे विषय तुम्हा दोघांमधले. परवानगी देणारा विभाग नकाशाप्रमाणे बांधलंय का ते बघतो, शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात अंधार झालाय का ते सहसा बघत नाही. आणि पोलीस शिवीगाळ-धक्काबुक्की असेल तरच. नाहीतर ‘हे दिवाणी आहे’ म्हणून परत पाठवतील, आणि ते बरोबरच असतं.

माझ्या बाबतीत काकांनी पहिल्या दिवशी कुंपणापाशी येऊन एकच विचारलं होतं, ‘‘अरे, या खोलीचं पाणी कुठे जाणार?’’ मी म्हटलं, ‘‘आमच्या जागेत बांधतोय काका, परवानगी आहे.’’ त्यांनी पाण्याचं विचारलं आणि मी जागेचं उत्तर दिलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी हद्दीची तक्रार केली. मी पाण्याचं उत्तर दिलं असतं तर त्यांनी कधी टेप काढलाच नसता, असं मला आजही वाटतं.

२. कागद जमवा

मोजणीला, परवानगीला आणि भांडण झालं तर वकिलालाही हेच कागद लागतात. दोन झेरॉक्स संच करून ठेवा.

- मिळकत पत्रिका म्हणजे प्रॉपर्टी कार्ड (नगर भूमापन झालेल्या भागात), नाहीतर सातबारा. डिजिटल सहीची प्रत महाभूमीच्या संकेतस्थळावर मिळते.
- गावठाणात प्रॉपर्टी कार्ड नसेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा. मात्र हा कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा पुरावा म्हणून त्याच्यावर फार भिस्त ठेवू नका.
- खरेदीखत, वाटणीपत्र किंवा बक्षीसपत्र. त्यातल्या चतुःसीमा आणि लांबी-रुंदी लिहिलेला परिच्छेद पेन्सिलने अधोरेखित करा.
- भूखंड पाडलेले असतील तर मंजूर रेखांकनाची प्रत. गुंठेवारीत असेल तर नियमितीकरणाचा दाखला.
- सध्याच्या घराचा मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र. हरवलं असेल तर संबंधित कार्यालयाकडे नक्कल मागा. टोलवाटोलवी झाली तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.
- सहहिस्सेदार असतील तर त्यांची संमती. भावाचं नाव कार्डावर आहे आणि तो परगावी आहे, एवढ्यावर कित्येक अर्ज पडून राहतात.

खरेदीखतातलं क्षेत्र आणि कार्डावरचं क्षेत्र जुळतं का ते बघा. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, पण बोलताना आणि कधीकधी लिहितानाही लोक त्याला हजार करून टाकतात. चार गुंठ्यांत ३५६ फुटांचा फरक पडतो, म्हणजे एक बऱ्यापैकी मोठी खोली.

स्वामित्व योजनेत (२०२० सालापासून) ज्या गावठाणांची ड्रोनने पाहणी झाली तिथे आता सनद आणि मिळकत पत्रिका मिळतात. ड्रोन उडण्याआधी लोकांनी आपापल्या मिळकतीच्या कडेने चुना टाकला होता. चुना वाकडा पडला असेल तर नकाशाही तसाच आला असणार, म्हणून कार्ड हातात पडल्यावर त्यावरची मापं एकदा घराभोवती फिरून ताडून पाहा.

३. हद्द कायम मोजणी करून घ्या

या सगळ्या लेखातला एकच टप्पा करणार असाल तर हा करा. आणि नकाशा काढायच्या आधी करा, तक्रार आल्यावर नको.

अर्ज तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे किंवा शहरात नगर भूमापन अधिकाऱ्याकडे जातो. आता तो ऑनलाइन भरता येतो. मोजणीचे बरेच प्रकार आहेत, त्यात पोटहिस्सा, बिनशेती वगैरे असतात. तुम्हाला हवी ती ‘हद्द कायम’, म्हणजे अभिलेखाप्रमाणे हद्द जागेवर दाखवून खुणा करून देणारी. घाई असेल तर जास्त शुल्क भरून द्रुतगती मोजणी मागता येते. अर्जात लगतच्या चारही बाजूंच्या धारकांची नावं आणि पत्ते बरोबर लिहा, कारण मोजणीच्या तारखेची नोटीस त्यांना जाते. मी जुन्या मालकाचं नाव लिहिलं होतं. नोटीस काकांना गेलीच नाही, ते ऐन मोजणीत उभे राहून म्हणाले, ‘‘मला कोणी कळवलं?’’ आणि भूकरमापक (मोजणीदार) पिशवी आवरून निघून गेले. नवी तारीख मिळायला महिना गेला.

मोजणीच्या दिवशी हद्दीच्या खुणांसाठी दगड किंवा लोखंडी खुंट, चुना, पहार आणि एक माणूस तुम्हाला तयार ठेवावा लागतो. कडेची झाडी आदल्या दिवशी तोडून घ्या. झुडपातून यंत्राला पलीकडचं दिसत नाही. भूकरमापक आधी जवळपासचे जुने, निर्विवाद बिंदू शोधतो, तिथून मोजत तुमच्या कोपऱ्यापर्यंत येतो. त्यामुळे तो तुमच्या भिंतीकडे न बघता तीन घरं पलीकडच्या विहिरीपाशी तासभर का घालवतोय, म्हणून चिडू नका.

तुमच्या मोबाइलमधल्या नकाशाच्या ॲपवर दिसणारी रेघ त्याला दाखवू नका. मी दाखवली होती. तो हसला फक्त.

खुणा पक्क्या झाल्या की जबाब आणि पंचनामा होतो, हजर असलेल्यांच्या सह्या घेतात. शेजाऱ्याने सही करायला नकार दिला तरी मोजणी रद्द होत नाही, नकार दिल्याची नोंद होते. मग काही दिवसांनी नकाशाची ‘क’ प्रत मिळते. त्यावर अभिलेखाप्रमाणे हद्द आणि जागेवरची वहिवाट जुळत नसेल तर ते दिसतं. आमच्या क प्रतीवर कंपाउंडची भिंत आणि खरी हद्द या दोन रेघा एकमेकींना कात्रीसारख्या छेदत होत्या. काका आणि मी दोघे तो कागद पंख्याखाली धरून बराच वेळ बघत बसलो होतो. दोघांचंही चाळीस वर्षांचं म्हणणं अर्धं खरं होतं.

कोणाला मोजणी मान्य नसेल तर निमताना मोजणी मागता येते, ती वरचा अधिकारी करतो. तीही पटली नाही तर सुपर निमताना. शुल्क वाढत जातं आणि वेळही.

इथले नेहमीचे सापळे असे. खासगी सर्वेक्षकाचा नकाशा आराखडा काढायला उत्तम, पण हद्दीच्या वादात समोरचा तो मान्य करेलच असं नाही. मोजणी झाल्यावर खुणेचा दगड उपटला गेला किंवा जेसीबीने चिरडला तर पुन्हा सगळं पहिल्यापासून. म्हणून खुंट ठोकताक्षणी दोन पक्क्या वस्तूंपासून (विजेचा खांब, घराचा कोपरा) त्याची अंतरं मोजून लिहून ठेवा आणि फोटो काढा. आणि मोजणी करून ठेवली पण इंजिनिअरला क प्रत दिलीच नाही, असंही होतं. त्याचा नकाशा मग जुन्या मापांवरच निघतो.

४. परवानगी आणि सामासिक अंतर

मुंबई आणि मोजके अपवाद सोडले तर राज्यात डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. मुंबईची नियमावली वेगळी. हद्दीपासून किती जागा मोकळी सोडायची, म्हणजेच सामासिक अंतर, हे भूखंडाचा आकार, समोरच्या रस्त्याची रुंदी, इमारतीची उंची, दाटवस्तीचा भाग आहे की नाही, रो-हाउस आहे की सुटं घर, यावर ठरतं. त्यामुळे ‘माझ्या मेहुण्याने तीन फूट सोडलं होतं’ याला काही अर्थ नाही. तुमच्या भूखंडाला कोणता तक्ता लागू आहे ते इंजिनिअरकडून लेखी घ्या.

लहान भूखंडांसाठी प्रक्रिया सोपी केली आहे. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर ठरलेले कागद आणि शुल्क भरून पोच घेतली की काम सुरू करता येतं. यातून लोक असा अर्थ काढतात की लहान जागेला नियम नाहीत. तसं नाही. अंतराचे नियम तिथेही लागू असतात, ते पाळायची जबाबदारी तुमच्यावर आणि सही करणाऱ्या इंजिनिअरवर येते, एवढंच.

शेजाऱ्याची ना हरकत लागते का, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त लोक विचारतात. आपल्या जागेत, नियमाचं अंतर सोडून बांधत असाल तर सहसा लागत नाही. भिंत सामाईक असेल किंवा जमीन सोसायटीच्या नावावर असेल तर मात्र संमती लागते. उलट बाजूने, शेजाऱ्याने ना हरकत दिली म्हणून सामासिक अंतर माफही होत नाही. उद्या त्याने घर विकलं की नवा मालक ते पत्र बघणारसुद्धा नाही, तो थेट अर्ज करेल.

वाढीव बांधकाम मंजूर झाल्यावर आखणी करताना इंजिनिअरला स्वतः जागेवर बोलवा. अंतर हद्दीच्या खुणांना दोरी बांधून, दोरीपासून मोजा. जोत्याला पोहोचलात की जोते तपासणी करून प्रमाणपत्र घ्या. अनेक जण हा टप्पा गाळतात. तिथे चूक सापडली तर दोन-चार थर काढावे लागतात, स्लॅब ओतल्यावर सापडली तर काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

अंतर कुठपर्यंत मोजायचं यातही घोळ होतो. भिंतीचा मध्य, गिलावा न केलेली विटांची कड आणि गिलाव्यासकटची बाहेरची बाजू या तीन वेगळ्या रेघा आहेत. नऊ इंची भिंतीत मध्यावरून मोजलं तर साडेचार इंच जातात, बाहेरून गिलावा आणि वर फरशी लावली की अजून दोनेक इंच.

५. खोदाईच्या आधी शेजाऱ्याकडे जा

परवानगी मिळाल्यावर आणि विटा पडायच्या आधी. विटा पडल्यावर गेलात तर ते कळवणं होतं, विचारणं होत नाही. घरातल्या मोठ्या माणसाला बरोबर घ्या, पण चार जण नेऊ नका, मोर्चा वाटतो. नकाशाची प्रत न्या आणि त्यावर त्यांच्या बाजूला काय येणार ते बोट ठेवून दाखवा: खिडकी कुठे, छज्जा कुठे, पाण्याचा पाइप कुठून उतरणार, न्हाणीघराचं चेंबर कुठे.

मी दुसऱ्यांदा, म्हणजे काम थांबल्यावर गेलो तेव्हा काकूंनी विचारलेले प्रश्न मी लिहून घेतले होते. माझ्या इंजिनिअरच्या यादीपेक्षा ती यादी चांगली होती. न्हाणीघराची खिडकी आमच्या तुळशीवर उघडणार का? परांची लावायला आमच्या अंगणात किती दिवस याल? सिमेंट कालवाल तेव्हा वाळत घातलेल्या कपड्यांचं काय? बोअरच्या पाइपला धक्का लागला तर? मजूर कुठे बसणार? यातला एकही प्रश्न हद्दीचा नाही.

त्याच भेटीत एक काम करून घ्या, जे माझ्याकडून पहिल्या वेळी राहिलं: त्यांच्या घराच्या तुमच्याकडच्या भिंतीचे फोटो. आतून आणि बाहेरून, आधीच असलेली प्रत्येक भेग जवळून, शेजारी मोजपट्टी धरून, तारखेसह. काळ्या मातीत बांधलेली घरं उन्हाळ्यात तशीही तडकतात. माती आकसते, पावसात फुगते. खोदाई एप्रिल-मेमध्ये केलीत तर ती प्रत्येक भेग तुमच्या नावावर जमा होणार. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी खूण करून तारीख लिहा, शक्य असेल तर भेगेवर काचेची बारीक पट्टी चिकटवा. भेग हलली तर काच तडकते. फोटोंचे दोन संच काढून दोन्हींवर दोघांच्या सह्या घ्या. काका आधी म्हणाले, ‘‘एवढा विश्वास नाही का?’’ मी म्हटलं, ‘‘विश्वास आहे काका, पण माझा मिस्त्री तुमच्या ओळखीचा नाही.’’ सही केली त्यांनी.

भेटीनंतर साध्या कागदावर पत्र लिहून द्या: काम कधी सुरू, साधारण किती दिवस, कोणत्या वेळेत, इंजिनिअरचा फोन. पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर सही घ्या.

६. पाया, परांची आणि पागोळी

कागदावर सगळं ठीक असूनही जमिनीवर भांडण लागतं ते बहुतेक या तीन ठिकाणी.

पाया जमिनीखाली दिसत नाही म्हणून तो हद्दीपलीकडे गेला तरी चालतो, असं ठेकेदार बिनधास्त सांगतात. चालत नाही. कॉलम फुटिंगच्या (कॉलमखालच्या पायाच्या रुंद ठोकळ्याच्या) मध्यावर असेल आणि फुटिंग १.२ मीटर रुंद असेल तर कॉलमचा मध्य हद्दीपासून निदान ६० सेंटिमीटर आत हवा. गावठाणात, रो-हाउसमध्ये हद्दीलगतच बांधायची मुभा असते तिथे कॉलम एका कडेला ठेवून तो आतल्या कॉलमच्या फुटिंगला स्ट्रॅप बीमने जोडतात. हे गणित स्ट्रक्चरल इंजिनिअरने करायचं, ठेकेदाराने अंदाजाने नाही.

शेजाऱ्याच्या जमिनीला आपल्या मातीचा जो नैसर्गिक आधार असतो, तो १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात हक्क मानलेला आहे. त्यांचं घरही वीस वर्षं निर्वेधपणे त्या आधारावर उभं असेल तर घरालाही तो हक्क मिळू शकतो. म्हणजे तुम्ही तुमच्याच जागेत खणलंत, पण त्यांची माती ढासळली, तरी जबाबदारी येते. जुन्या घरांचा पाया दगडमातीचा आणि उथळ असतो. त्याच्या लगत त्याच्यापेक्षा खोल खड्डा घ्यायचा असेल तर जेसीबी दूर ठेवून हाताने खणा, एकाआड एक खड्डे घ्या, एक भरल्यावर दुसरा. बाजू फळ्या-बल्ल्यांनी धरून ठेवा. आणि जूनच्या तोंडावर खड्डे उघडे टाकून मजुरांना गावी पेरणीला जाऊ देऊ नका.

परांचीचं म्हणाल तर, भिंत हद्दीला जितकी जवळ तितका बाहेरचा गिलावा शेजाऱ्याच्या अंगणातून करावा लागतो. आत यायची परवानगी हा त्यांचा उपकार आहे, तुमचा हक्क नाही. किती दिवस, कोणत्या वेळेत, कुंड्या कोण हलवणार, शेवटी झाडून कोण देणार, हे पत्रात लिहा. कित्येक घरांची एक बाजू वर्षानुवर्षं लाल विटांची उघडी राहते आणि आतून ओल येते, ती याच न झालेल्या बोलण्यामुळे.

पागोळी. जुन्या लोकांनी दोन घरांमध्ये बोळ सोडला तो उगीच नाही; आपल्या कौलांचं पाणी आपल्याच जागेत पडलं पाहिजे हा त्यामागचा हिशेब. स्लॅबला उतार आपल्या बाजूला द्या, पाइप आपल्या आवारात उतरवा, छज्जाच्या खाली पाणी तुटायची खाच घ्यायला सांगा. छज्जा हद्दीच्या रेघेवरून हवेत जरी पुढे गेला तरी ते अतिक्रमणच. एसीचं पाणी, टाकीच्या ओव्हरफ्लोचा पाइप या गोष्टी नकाशात नसतात, प्लंबर जिथे सोपं पडेल तिथे सोडून जातो. प्लंबर काम करत असताना तिथे उभे राहा. मला हे दोनदा बदलून घ्यावं लागलं.

७. उजेड-वाऱ्याचा दावा आला तर

‘आमची खिडकी झाकली’ ही तक्रार खूप येते. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याच्याच कलम १५ नुसार एखाद्या इमारतीला वीस वर्षं अखंड, शांतपणे, सुविधाधिकार म्हणून उजेड-वारा मिळत आला असेल तर तो कायमचा हक्क होतो. अडथळा आल्यावर दावा दोन वर्षांच्या आत लावावा लागतो. थोडा उजेड कमी झाला एवढं पुरत नाही, नुकसान खरोखर ठळक असावं लागतं. तेव्हा त्यांची खिडकी कधीची आहे हे आधीच बघून ठेवा. त्यांच्या जुन्या मंजूर नकाशात ती आहे का? आठ वर्षांपूर्वी फोडलेल्या खिडकीला हा हक्क नाही. तरीही तुमच्या नकाशात थोडी जागा असेल तर भिंत सरकवा. आम्ही न्हाणीघर दीड फूट पुढे घेतलं, त्यांच्या स्वयंपाकघरात उजेड राहिला, आणि तक्रारीतला तो मुद्दा त्यांनी स्वतः खोडला.

८. नोटीस आली तर

काम थांबवा. नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ५४ ची नोटीस काम थांबवण्यासाठी असते, ५३ ची बांधकाम काढण्यासाठी. मुंबई सोडून इतर महापालिकांच्या हद्दीत १९४९ च्या महापालिका अधिनियमाच्या कलम २६० खालीही नोटीस येते. कोणत्या कलमाची आहे आणि उत्तराची मुदत किती, हे दोन आकडे पहिल्यांदा वाचा.

‘शनिवार-रविवार ऑफिस बंद असतं, स्लॅब ओतून घेऊ, मग कोण पाडतंय’ हा सल्ला तुम्हाला किमान तीन जण देतील. नोटिशीनंतर पुढे रेटलेलं बांधकाम कोर्टात तुमच्याविरुद्ध बोलतं, आणि शेजाऱ्याला पाडण्याचा आदेश मागायला बळ मिळतं. मुदतीत लेखी उत्तर द्या, सोबत परवानगी, मंजूर नकाशा, क प्रत, जोते तपासणी जोडा, आवक शिक्का घ्या. चूक असेल तर ती कशी दुरुस्त करणार ते लिहा आणि सुधारित नकाशा दाखल करा. आम्ही तो मागचा कॉलम काढून २३ सेंटिमीटर आत घेतला. काही चुका दंड भरून नियमित होतात, पण दंड भरल्याने शेजाऱ्याची इंचभर जागाही तुमची होत नाही.

शेजारी मनाईहुकूम आणेल अशी कुणकुण लागली तर दिवाणी न्यायालयात कॅव्हेट दाखल करता येतं. मग तुमचं ऐकल्याशिवाय एकतर्फी आदेश सहसा होत नाही. ते ९० दिवस चालतं, नंतर पुन्हा दाखल करावं लागतं. कॅव्हेटची नोटीस समोरच्याला पोस्टाने जाते हे लक्षात ठेवा. भांडण थंड होत असताना ते पाकीट गेलं की सगळं परत पेटतं.

तुम्ही दुसऱ्या बाजूला असाल, म्हणजे शेजारचा बांधत असेल, तर हेच उलट करा. खोदाईच्या आठवड्यात बोला, स्लॅबनंतर नको. हरकत लेखी घ्या, मोजणी मागा, फोटो ठेवा. काम पूर्ण होईपर्यंत गप्प बसलात तर न्यायालय विचारतं की इतके दिवस कुठे होतात.

९. मिटवायचं कसं आणि लिहायचं काय

दावा लागला तर न्यायालय बहुधा स्वतःचा आयुक्त (कोर्ट कमिशनर) नेमून पुन्हा मोजणी करून घेतं, म्हणजे तिसऱ्या क्रमांकाचंच काम, फक्त काही वर्षांनी. त्याआधी गावात तंटामुक्त समिती असेल तर तिथे जा. तालुका विधी सेवा समितीकडे दाखलपूर्व प्रकरण म्हणून अर्ज केला तर लोकअदालतीत तडजोड नोंदवता येते. तिथल्या निवाड्यावर अपील नाही, म्हणून मजकूर नीट वाचून सही करा.

‘यापुढे कोणतीही तक्रार नाही’ असली तडजोड कुचकामी असते. मापं लिहा. कोणता पाइप कुठून, कोणत्या तारखेपर्यंत. भेगा कोण बुजवणार. अंगणात किती दिवस. जागेची अदलाबदल किंवा कायमचा हक्क द्यायचा ठरलं तर नुसती नोटरी पुरत नाही, दस्त नोंदवावा लागतो.

आमची कंपाउंडची भिंत आजही तशीच वाकडी आहे. पाडून सरळ करायचा खर्च दोघांनाही नको होता. म्हणून तडजोडीत असं लिहिलं की ही भिंत म्हणजे हद्द नाही, हद्द क प्रतीप्रमाणेच, आणि हद्दीपलीकडची जी पाचर ज्याच्या ताब्यात आहे ती दुसऱ्याच्या परवानगीने आहे. हे वाक्य वकिलाने मुद्दाम घालायला लावलं. बारा वर्षं उघड, विरोधी ताबा राहिला तर जागेवर दावा सांगता येतो. परवानगीचा ताबा कितीही वर्षं असला तरी तो विरोधी होत नाही. क प्रत कराराला जोडली, दोघांनी पानापानावर सही केली, आणि भिंतीच्या दोन्ही टोकांना खऱ्या हद्दीच्या जागी जमिनीत एकेक खुंट सिमेंटमध्ये बसवला. मागचा काकूंच्या कर्दळीत आहे. पाणी घालताना त्या तो उघडा ठेवतात.